आठही वाल्व्ह चकचकीत

९ ऑगस्ट २०१९, शुक्रवार. संध्याकाळ.

आजपासून रोजनिशी. निवृत्त झालो तेव्हा बायकोने, मार्लीनने ही वही दिली होती, मन मोकळं करायला. माझं मन मोकळंच आहे. भरलंय ते डोकं. म्हणून लिहितो.

माझ्या मुलीची, केल्सीची गाडी सकाळी सुरू करताना थरथरते. समोर पिवळा दिवा लागतो. आज जेवायला कोल्टन होता. कोल्टन म्हणजे केल्सीचा मित्र. तसला मित्र. दोन वर्षं झाली, जात नाही. परदेशी गाड्यांच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. माझ्याच टेबलावर, माझ्याच बायकोची बटाट्याची कोशिंबीर दुसऱ्यांदा वाढून घेत मला म्हणाला, मिस्टर डिकस्ट्रा, इनटेक वाल्व्हवर, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपांवर, कार्बन साचलाय. म्हणे या इंजिनांत पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये उडतं, वाल्व्ह धुतले जात नाहीत, मग त्यांच्यावर काजळीचे थर चढतात. म्हणे अक्रोडाच्या कवचांचा भुगा हवेच्या दाबाने मारायचा, सगळं निघतं. रविवारी दोन तासांत करून देतो, फुकट.

म्हणालो, पोरा, एकतीस वर्षं मी प्लांटमध्ये गाड्या बनवल्यात. आमच्या गाड्यांना कार्बन धरत नाही. तो परदेशी गाड्यांना धरतो.

तो म्हणाला, धरतो हो, सगळ्यांनाच. त्याचा तो गोड, समजूतदार आवाज! त्यानेच माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

विषय साधा आहे. केल्सीला उत्तरेत, एस्कनाबा गावच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली. ३१ तारखेला निघायचंय. सहा तासांचा रस्ता, मोठा पूल ओलांडून. मी तिला जूनमध्येच सांगितलंय, तुझ्या गाडीतून मी तुला सोडणार, आपण दोघंच, मी बसने परत येईन. ती लगेच हो म्हणाली. वर म्हणाली, बरं झालं बाबा, मला तुझ्याशी निवांत बोलायचंच आहे. चोवीस वर्षांत असं पहिल्यांदा म्हणाली.

आणि आता हा म्हणतो, गाडीचं नाही जमलं तर मी माझ्या ट्रकने सोडतो. जपानी पिकअप ट्रक! दोन वर्षांत त्या ट्रकचं चाक मी माझ्या ड्राइव्हवेला लागू दिलेलं नाही. रस्त्यावर उभा करतो. प्लांटवाल्यांच्या गल्लीत जपानी गाडी म्हणजे काय ते कळायला हवं ना.

निश्चय. गाडी मी दुरुस्त करणार. स्वतः. तीन दिवस पुरे.

१० ऑगस्ट, शनिवार.

दुकानातून इंजिन साफ करायचं औषध आणलं. एक बाटली पुरते असं लिहिलंय. तीन ओतल्या. कोल्टन बघत उभा होता. म्हणाला, ते पेट्रोलमधून जातं, वाल्व्हपर्यंत पोचतच नाही. म्हणालो, बाटलीवर लिहिणारे काय मूर्ख आहेत? गप्प बसला. गप्प बसतो तेव्हा जास्तच राग येतो.

उद्यापर्यंत गाडी ठीक.

११ ऑगस्ट, रविवार.

थरथर तीच. दिवा आहेच. औषधाला वेळ द्यावा लागतो.

१३ ऑगस्ट, मंगळवार.

वेळ दिला. आता थरथर जास्त आहे. याचा अर्थ कार्बन सुटायला लागलाय. मार्लीनला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, व्हर्न, दे ना त्या मुलाला रविवारचे दोन तास, त्यात काय एवढं. त्यात काय एवढं! बत्तीस वर्षं संसार करून बाई विचारते, त्यात काय एवढं.

१४ ऑगस्ट, बुधवार. सकाळी १०.

आज स्प्रे. इंजिन चालू ठेवायचं, हवेच्या नळीतून डबा आत फवारायचा, वीस मिनिटं बंद, मग पुन्हा सुरू करून जोरात रेस करायची. थोडा धूर येतो असं लिहिलंय. येऊ दे. प्रेक्षक आलेत. बड आणि डेलबर्ट, आपापल्या घडीच्या खुर्च्या आणि बिअरचा डबा घेऊन. आमच्या गल्लीत कुणी बॉनेट उघडलं की खुर्च्या येतात, ही पद्धतच आहे. दोघंही माझ्यासारखेच प्लांटचे निवृत्त. बड अठ्ठावीस वर्षं पेंटशॉपला, डेलबर्ट तीस वर्षं चाकांना. शहाणी माणसं. कोल्टनसारखी अक्कल पाजळत नाहीत.

त्याच दिवशी, दुपार.

थोडा धूर! ज्याने हे छापलं त्याला माझ्या ड्राइव्हवेमध्ये उभा करायला हवा होता. पांढराशुभ्र, दाट. आधी बड दिसेनासा झाला, मग डेलबर्ट, मग समोरचं घर. मला वाटलं, निघतोय कार्बन, अजून रेस करू. समोरच्या बाईने आगीचा बंब बोलावला. कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला? तीन जण हेल्मेट घालून उतरले. मी आतूनच ओरडलो, मी साफसफाई करतोय! त्यांचा प्रमुख म्हणाला, सर, आधी इंजिन बंद करा.

जाताना तो हळूच म्हणाला, हे इनटेकचं काम का? माझ्या भावाने अक्रोडाच्या भुशाने करून घेतलं, मस्त झालं.

मी त्याला धन्यवाद दिले नाहीत.

१५ ऑगस्ट, गुरुवार.

थरथर आहे. दिवा आहे. पडद्यांना वास आहे, हे मार्लीनने तीनदा सांगितलं.

विचार केला. अक्रोडाच्या भुशाची कल्पना मुळात वाईट नाही. कोल्टनने सांगितली म्हणून ती त्याची होत नाही. मी करणार. वाल्व्हवरचा हवेच्या नळ्यांचा मॅनिफोल्ड काढायचा, भुगा मारायचा, मॅनिफोल्ड लावायचा. एक शनिवार पुरे.

१६ ऑगस्ट, शुक्रवार.

अक्रोडाचा भुगा कुठेच मिळेना. शेवटी पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळाला. पालीसरड्यांच्या पेटीत खाली पसरतात म्हणे. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, कोणता सरडा आहे तुमच्याकडे? मी म्हणालो, चार सिलिंडरचा. तिने मला उबेचा दिवाही घ्यायला लावला. का घेतला कळत नाही. तिच्यावरही चिडलो, पण गाडीत बसल्यावर.

केल्सी रात्रपाळीहून आली, भुग्याच्या थैल्या बघितल्या, हसली. बाबा, खरंच स्वतः करणार? म्हणालो, करणार म्हणजे करणार. ती म्हणाली, मग फोटो काढत जा हं, मला बघायचेत. पोरगी माझी आहे. त्या दुसऱ्याची नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ७.

आज इंजिन उघडणार. बड आणि डेलबर्ट मदतीला येतायत. तिघांची मिळून एकोणनव्वद वर्षं गाड्या बनवण्यात गेली. त्या पोराची चार.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.

आजच्या प्रगतीची नोंद. डेलबर्टने आल्या आल्या चारही चाकं काढली. का काढलीस विचारलं तर म्हणाला, काम सुरू करायचं म्हणालास ना? बडने पुढचं बॉनेट पुसलं, मग उजवी बाजू पुसली, मग छतावर एक ओरखडा सापडला, मग पॉलिश आणायला घरी गेला. मी म्हणालो, मूर्खांनो, आपल्याला इंजिन उघडायचंय. दोघंही म्हणाले, हो, बरोबर, उघड की. मग तिघंही इंजिनकडे बघत उभे राहिलो.

आता हे बाहेर कुठे बोलायचं नाही. पण वही आहे म्हणून लिहितो. आमच्या प्लांटमध्ये इंजिन यायचं ते दुसऱ्या प्लांटमधून, तयार, झाकलेलं. वरून उतरायचं आणि पुढे जायचं. मी कधी आत बघितलं नाही. मी डावे दरवाजे. बिजागरीला चार बोल्ट, प्रत्येकाला हाताने दोन आटे, की गाडी पुढे. पुढच्या जागेवर अर्ल नावाचा माणूस मशीनने आवळायचा. मिनिटाला एक गाडी. एकतीस वर्षं. दरवाज्याचं मला काहीही विचारा.

दोन वाजून अठरा मिनिटांनी तिघंही एकदम उठलो आणि सँडविच खायला गेलो. प्लांटमधला सुट्टीचा भोंगा इथे वाजला नव्हता. तरी उठलो.

परतल्यावर हात रिकामे बरे वाटेनात म्हणून मी डावे दोन्ही दरवाजे काढून तपासले. उत्तम आहेत.

एकूण स्थिती : गाडीला चाकं नाहीत, डावे दरवाजे नाहीत, छत आरशासारखं, इंजिन जसंच्या तसं. कोल्टन रस्त्यावर ट्रकमध्ये केल्सीची वाट बघत बसला होता. खाली मान घालून खोकला. तो खोकला नव्हता, मला कळतं.

१८ ऑगस्ट, रविवार.

चाकं लावली. दरवाजे लावले. चर्चला गेलो नाही. पाद्रीबाबांनी मार्लीनला विचारलं म्हणे, व्हर्न बरा आहे ना? कोण काय सांगतंय गावभर?

२० ऑगस्ट, मंगळवार.

मार्लीनने किराणा ठेवायला मागचा डावा दरवाजा उघडला. दरवाजा तिच्या हातात आला. अंडी गेली. हल्लीचे बोल्ट चांगले नसतात. मी पुन्हा आवळले. या वेळी पान्याने. एवढं काही झालं नव्हतं ओरडण्यासारखं.

३१ ला अजून अकरा दिवस आहेत. भरपूर.

२२ ऑगस्ट, गुरुवार.

विजय! मॅनिफोल्ड निघाला. बड आणि डेलबर्टला बोलावलं नाही. एकट्याने. केल्सीने एक कागद आणून दिला होता, क्रमाने लिहिलेला, कुठला बोल्ट कुठला प्लग. अक्षर कुणाचं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मी तो वाचलाही नाही. फक्त बाजूला उघडा ठेवला होता.

आणि आत काय! वाल्व्ह म्हणायचे का त्यांना? दूध उतू जाऊन भांड्याच्या तळाला करपावं तसा काळा, जाड, खरबरीत थर. नखाने निघेना. मी किती तरी वेळ बघत राहिलो. हे आम्ही विकलं? हे मी माझ्या पोरीला घ्यायला लावलं, कर्मचाऱ्यांच्या सवलतीत, छाती फुगवून? कंपनीला पत्र लिहिलं. चार पानं. त्यात इंजिनिअर लोकांचे आईबाप काढले. मार्लीनने वाचलं आणि दोन पानं काढून घेतली.

केल्सीने फोटो काढले. म्हणाली, शी, किती घाण. मग म्हणाली, बाबा, ३१ ला आपण सकाळी नऊला निघू, चालेल? चारच्या आसपास पोचू. पाचला घराच्या किल्ल्या देणारं ऑफिस बंद होतं, मग मंगळवारपर्यंत उघडत नाही. नऊ म्हणजे नऊ हं. आणि गाडीत रेडिओ लावायचा नाही, मला बोलायचंय. मी म्हणालो, आत्ता बोल की. ती म्हणाली, आत्ता तू कार्बनशी भांडतोयस.

२३ ऑगस्ट, शुक्रवार.

बडचा कॉम्प्रेसर आणला. पहिल्या सिलिंडरला भुगा मारला. सुंदर निघतं! मग लक्षात आलं की भुगा आत कुठे तरी नाहीसा होतोय. त्या कागदावर, म्हणजे मला आठवलंच होतं, की ज्या सिलिंडरचं काम चाललंय त्याचे वाल्व्ह बंद असले पाहिजेत, आधी इंजिन हाताने फिरवून बंद करायचे. माझे उघडे होते. वाटीभर अक्रोड इंजिनच्या पोटात. बारीक नळी जोडून व्हॅक्यूमने ओढत बसलो, तीन तास. घरातला चांगला व्हॅक्यूम होता. होता.

मार्लीन बोलत नाही. बरं आहे, काम होतं.

२५ ऑगस्ट, रविवार.

चार सिलिंडर. आठ वाल्व्ह. आठही चकचकीत! नवीन चमच्यासारखे. मी खोटं लिहीत नाही, केल्सीचे फोटो आहेत. बड खुर्ची घेऊन आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, व्हर्न, हे तू केलंस? डेलबर्टने टोपी काढली. एकतीस वर्षांत माझं केलेलं काम असं पूर्ण झालेलं मी बघितलं नव्हतं. माझं काम नेहमी पुढे निघून जायचं.

आजचा दिवस चांगला होता. राग फक्त एकदा आला, बड म्हणाला की हे त्या पोराला दाखव.

२६ ऑगस्ट, सोमवार.

जोडणी. सगळं परत लावलं. तीन बोल्ट उरले. कंपन्या जास्तीचे घालतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

२७ ऑगस्ट, मंगळवार.

सुरू होत नाही. चावी फिरवली की आवाजसुद्धा नाही. सकाळपासून दुपारपर्यंत फ्यूज तपासले. कंपनीला दुसरं पत्र सुरू केलं. मार्लीन चार दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, बॅटरी जोडलीस का?

जोडली.

पत्र फाडलं नाही. ते तत्त्वाचं आहे.

२८ ऑगस्ट, बुधवार.

सुरू झाली!! थरथर नाही. दिवा विझला. मी गाडीच्या टपावर हात मारून अक्षरशः ओरडलो. फक्त रेस केली की कुठून तरी फुस्स असा बारीक आवाज येतो. नव्याने साफ झालेलं इंजिन श्वास घेतं, त्याचा असणार. उरलेल्या तीनपैकी दोन बोल्टांची जागाही सापडली. म्हणजे हिशेबात एकच.

३० ऑगस्ट, शुक्रवार.

केल्सीची खोकी दिवाणखान्यात रचलीत. तिची खोली मोकळी दिसते. तिथे जायचं टाळतो.

कोल्टन आला. रस्त्यावरून इंजिनचा आवाज ऐकून म्हणाला, मिस्टर डिकस्ट्रा, कुठे तरी हवा गळतेय, दोन मिनिटं बघू का? बघू का! तीन आठवडे मी कंबर मोडून घेतली, बोटांची सालं निघाली, बंबवाल्यांसमोर इज्जत गेली, आणि हा दोन मिनिटांत बघणार. म्हणालो, तुला एवढीच खाज असेल तर तुझ्या त्या जपानी डब्याचं बॉनेट उघड. माझ्या ड्राइव्हवेपासून लांब राहा. मार्लीन दारात होती. केल्सी पायऱ्यांवर होती. सगळी गल्ली ऐकत होती. ऐकू दे.

तो म्हणाला, ठीक आहे. आणि गेला. भांडायची सुद्धा धमक नाही.

केल्सी घरात निघून गेली. संध्याकाळी म्हणाली, बाबा, तो गाडीसाठी आला नव्हता. मग कशासाठी, विचारलं. म्हणाली, उद्या. गाडीत.

उद्या नऊला. सगळं तयार आहे.

३१ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ६.१०.

जाग आली. एक विचार. एवढं केलं, तर उरलासुरला कार्बनही राहू नये. हायवेला गाडी तासभर जोरात पळवली की जळून जातो, हे जुने लोक करायचे. उत्तरेला जाऊन यायचं. आठपर्यंत परत. केल्सी उठायच्या आत. सगळे झोपलेत. वही बरोबर घेतोय, गाडी कशी चालते ते लिहायला.

त्याच दिवशी. ९.२०. हायवेच्या कडेला.

फोन घरी राहिलाय. घड्याळ आहे.

सेंट जॉन्स गावाच्या पुढे सहा मैल. सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी. काय पळत होती! मी गात होतो. मग धप्प. एकदम बंद. सुरू होते आणि मरते, सुरू होते आणि मरते. सात वाजल्यापासून. बॉनेट उघडून बसलोय. लेबर डेची, कामगार दिनाची लांब सुट्टी, सगळं जग बोटी मागे बांधून उत्तरेला चाललंय आणि एक माणूस थांबत नाही. एका लहान पोराने खिडकीतून हात हलवला. त्याच्यावर ओरडलो.

नऊ वाजून गेले. ती दारात उभी असेल.

कंपनीला शिव्या. पेट्रोलवाल्यांना शिव्या. अक्रोडांना शिव्या. नऊ वाजले आणि मी इथे आहे.

त्याच दिवशी. संध्याकाळ. घरी.

जमेल तसं लिहितो.

पावणेअकराला तो ट्रक आला. लांबूनच ओळखला. मागे केल्सीची खोकी, दोरीने बांधलेली, तिचा दिवा, तिची गादी. मी बॉनेटमध्ये डोकं घातलं. वाटलं, जातील. थांबले.

केल्सी धावत आली. रडत होती. बाबा, फोन का नाही घेतलास, आम्ही दहापर्यंत थांबलो, आई हॉस्पिटलांना फोन करतेय, आम्हाला वाटलं... दोन्ही हातांनी माझ्या छातीवर मारलं. मी म्हणालो, दहा मिनिटांत होईल, तू बस, खोकी इकडे घेऊ.

कोल्टन काही न विचारता वाकला. हवेच्या फिल्टरपासून इंजिनकडे जाणारी जाड रबरी नळी निघून लोंबत होती. ती बसवली, तिच्यावरची पट्टीची क्लिप स्क्रूड्रायव्हरने आवळली. चार मिनिटं. मी मोजली. म्हणाला, क्लिप नीट लावली होती, फक्त आवळायची राहिली. हातानेच फिरवली होती वाटतं. दोन आटे.

पुढच्या जागेवर आवळायला कुणी नव्हतं.

मग म्हणाला, वाल्व्हचे फोटो बघितले मी. आमच्या गॅरेजमध्ये इतके साफ निघत नाहीत. खरं सांगतो. मनापासून म्हणाला. इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तो स्क्रूड्रायव्हर हायवेच्या पलीकडे फेकून द्यावासा वाटला, पण तो त्याचा होता.

गाडी सुरू झाली. फुस्स आवाज नाही, काही नाही. मी पुढचं दार उघडून धरलं. चल, म्हणालो. अजून पोचू.

केल्सीने गाडीकडे बघितलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. म्हणाली, बाबा, पाचला किल्ल्या. ही वाटेत परत बंद पडली तर मी तीन दिवस रस्त्यावर. मी नाही चान्स घेऊ शकत. मी म्हणालो, नाही पडणार. ती म्हणाली, तू तीन आठवडे हेच म्हणतोयस.

कोल्टन ट्रकमध्ये जाऊन बसला. काच वर केली. आम्हाला एकटं सोडायला.

मग तिने तिथेच सांगितलं. शेजारून गाड्या धडाधडा जात होत्या, तिला ओरडून बोलावं लागत होतं. कोल्टन तिला सोडून परत येणार नाहीये. त्यालाही तिकडे काम मिळालंय. मे महिन्यात लग्न करणार आहेत. काल तो माझ्याकडे तेच विचारायला आला होता, शर्ट इस्त्री करून, जुन्या पद्धतीने, वडलांची परवानगी. आईला माहीत होतं. मला ती सहा तासांत, हळूहळू सांगणार होती. मी चिडलो असतो, वाटेतल्या गेलर्ड गावापर्यंत चिडलो असतो, मग पूल आला असता, मग पलीकडे कुठे तरी जेवायला थांबलो असतो. तिने सगळं ठरवून ठेवलं होतं. कुठे थांबायचं तेसुद्धा.

मी विचारलं, गाडी? ती म्हणाली, तूच ठेव बाबा. तिकडे बर्फात ट्रकच बरा. आणि तू इतकं केलंयस तिच्यासाठी.

मिठी मारली. दोन मिनिटं. मग गेली.

ट्रक दिसेनासा होईपर्यंत मी उभा होतो. जपान्यांच्या ट्रकला मागे दिवे मात्र चांगले आहेत.

१ सप्टेंबर, रविवार.

पोचली. मार्लीनला फोन आला. मी अंगणात होतो.

बडने विचारलं, गाडी जमली का? त्याला सांगितलं, नळीची क्लिप जपानी होती.

२ सप्टेंबर, सोमवार. लेबर डे.

प्लांटवाल्यांची मिरवणूक आहे. गेलो नाही. बड आणि डेलबर्टला सांगितलं, गुडघा दुखतो.

काल मार्लीनच्या फोनवर कोल्टनचा निरोप आला होता, माझ्यासाठी. तिने आज वाचून दाखवला. मिस्टर डिकस्ट्रा, एक लक्षात ठेवा. ही गाडी नुसती जवळपास फिरवू नका. इंजिन नीट तापलंच नाही तर त्या वाल्व्हवर परत कार्बन धरेल, आणि तुमची सगळी मेहनत वाया जाईल. आठवड्यातून एकदा तरी लांब घेऊन जा. एस्कनाबापर्यंत आणलीत तर उत्तमच.

मला शिकवतो. अजून मला शिकवतो! मार्लीनला म्हणालो, मला कुठे जायचं ते तो ठरवणार? मी त्याच्याकडे जेवायला जाणार, त्याच्या ट्रकमागे गाडी लावून? बोलावलंय कुणी मला, माझ्या मुलीने, तिच्या तोंडाने? ती म्हणाली, व्हर्न, तो निरोप केल्सीनेच टाइप केलाय, त्याला एवढं नीट लिहिता येत नाही.

वही घेऊन बाहेर आलो. चावी फिरवली. एका झटक्यात सुरू. थरथर नाही. दिवा नाही. इतकं सुंदर इंजिन या गल्लीत कुणाकडे नाही.

दूध संपलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. चार मिनिटं जायला, चार मिनिटं यायला, इंजिन तापायच्या आत.